शाळा भरली की पहिली खोली कोणाची जाते?

खोली_नंबर_सात

थोडं लांब लिहितेय, चालवून घ्या. मुलाच्या शाळेत पट इतका वाढलाय की पुढच्या वर्षी दोन तुकड्या वाढवायच्या म्हणतायत, आणि त्याबरोबर शाळेची हद्द पण बदलायची, म्हणजे काही भागातली मुलं आता शेजारच्या शाळेत जाणार. हे सगळं समजू शकते. पण तुकड्यांना खोल्या कुठून आणणार विचारलं तर पहिलं उत्तर आलं रिसोर्स रूम, म्हणजे दिव्यांग मुलांना वेगळी मदत द्यायची खोली. कारण काय तर तिथे नऊच मुलं बसतात. त्यांना जिन्याखालची सामानाची खोली साफ करून देणार आहेत.

त्या नऊपैकी एक माझा मुलगा आहे. त्याला ऑटिझम आहे, वर्गात आवाज वाढला की कान झाकून खाली बसतो, मग त्याला पंधरा मिनिटं त्या खोलीच्या कोपऱ्यात नेतात आणि तो परत वर्गात जातो. एक मुलगी व्हीलचेअरवर आहे. खुर्ची जागच्या जागी वळवायला साधारण दीड मीटरचा मोकळा गोल लागतो, बाक ठेवले की तो गोल संपला. एकाला उभं राहायची फ्रेम लागते, एकाचे कपडे बदलायला आडोसा लागतो. हे सगळं धरलं तर ती खोली भरलेली आहे हो! पण शाळेची क्षमता काढतात खोल्या गुणिले तीस अशी, आणि त्या गुणाकारात नऊ मुलांची खोली म्हणजे एकवीस रिकाम्या जागा. कागदावर ती पहिल्यापासून रिकामीच आहे, आता फक्त ताब्यात घेतायत.

दोन_मुलांचा_बाप

ताई, तुमच्या मुलाबद्दल काही म्हणायचं नाही, आधीच सांगतो. पण माझ्या मुलीच्या वर्गात ५२ मुलं आहेत. एका बाकावर तिघी, मधलीला लिहायला कोपर टेकवता येत नाही. बाई वह्या तपासत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही, ५२ वह्या रोज कोण तपासेल. हिला गणितात काय येत नाही हे मला परीक्षेनंतर कळतं. मग याच मजल्यावर एक पूर्ण खोली अर्धा दिवस कुलूप लावून असते हे मी स्वतः बघितलंय, दोनदा. तुम्हीच म्हणताय मुलगा पंधरा मिनिटं जातो. मग उरलेल्या वेळात तिथे एक तुकडी बसली तर काय बिघडलं? टाइमटेबल लावा ना.

आणि हे काही माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं सरकारने मोठा प्रयोग केला होता, स्टार नावाचा. पहिलीच्या आधीच्या वर्गापासून तिसरीपर्यंत काही वर्गांत १३ ते १७ मुलं, काहींत २२ ते २५. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. तिथे २५ म्हणजे मोठा वर्ग होता, आमच्याकडे ५२. ही पण मुलंच आहेत, फक्त यांच्या नावाने कायदा नाही म्हणून यांचं कोणी ऐकत नाही.

खडूफळा

मी वर्गावरही होते आणि रिसोर्स रूममध्येही, म्हणून दोन्हीकडून शिव्या खायची सवय आहे.

कुलूप का असतं ते सांगते. विशेष शिक्षक एकाच शाळेत नसतो, आठवड्यातले दिवस वाटून तीन-चार शाळा फिरतो, ज्या दिवशी तो नाही त्या दिवशी कुलूप. म्हणजे माणूस नाही म्हणून खोली रिकामी, आणि खोली रिकामी दिसते म्हणून ती काढून घ्या! भारतात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा विषय धसाला लावला, त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांना १५ मागे एक. आता समजा ते शिक्षक खरंच आले, तर बसणार कुठे? जिन्याखाली?

टाइमटेबल लावून खोली वाटून घ्यायचं मी करून पाहिलंय. तीस मुलं उठून गेली की बाक सरकलेले, भिंतीवरची चित्रं फाटलेली, आणि मग ज्या मुलाला रोज सगळं एकाच जागी लागतं तो दारातच अडून बसतो. त्याची पंधरा मिनिटं शांत होण्यात जात नाहीत, खोली परत ओळखण्यात जातात.

पण बाबांचं एक खरं आहे. बऱ्याच ठिकाणी या खोलीत मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आम्हीच टाकून ठेवतो. मग कोणी म्हणालं गोदामच आहे तर राग कशाला यावा.

आणि स्टारचा अर्धा भाग राहिला. त्यात तिसरा प्रकार होता, मोठा वर्ग तसाच ठेवून पूर्णवेळ मदतनीस द्यायचा. त्याने फारसा फरक पडला नाही. म्हणून कोणी "खोली घेतो पण वर्गात एक मावशी देतो" असं म्हणालं तर लगेच मान डोलवू नका.

नकाशेवाला

हद्दी ठरवायच्या कामात काही वर्षं होतो, कुठे ते सोडा. लोकांना वाटतं हद्द म्हणजे कोणाच्या तरी सोयीने ओढलेली रेघ. होतं तसंही. पण खरी अडचण वेगळी आहे. रेघ मागच्या पटावरून ओढतात, आणि नवी घरं पुढे येतात. रेघ लागू होईपर्यंत शेजारची शाळा पण भरलेली असते, मग परत रेघ. वर सवलत द्यावी लागते, आधीपासून शिकणारी मुलं तिथेच राहतील, त्यांची धाकटी भावंडंही तिथेच येतील. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं हद्द बदलून गर्दी कमी होतच नाही. तोवर खोली पाहिजेच.

आता कटू वाटेल, पण विशेष युनिटमधली, म्हणजे या रिसोर्स रूमवर अवलंबून असलेली मुलं मुळात नकाशावर नसतात. ती चार हद्दींतून गाडीने येतात. त्यामुळे सगळं युनिटच जिथे जागा आहे त्या शाळेत हलवणं सगळ्यात सोपं, नऊ मुलं हलतात, शंभर-सव्वाशे घरं हलत नाहीत. नियोजन करणारा हेच करणार आणि मला त्यात दुष्टपणा दिसत नाही.

खोली_नंबर_सात

नकाशेवाले, दुष्टपणा नाही हे मान्य, पण सोपं नेहमी आमच्याच वाट्याला का येतं? माझा मुलगा आधीच एकदा हललाय, याच कारणाने. नव्या शाळेतल्या संडासात एकट्याने जायला त्याला चार महिने लागले. चार महिने तो घरी येईपर्यंत थांबायचा. तुमच्या शंभर घरांतली मुलं हलली तर रडतील, आठ दिवसांनी नवे मित्र होतील. याला एकच मित्र झालाय, वर्गातला, तो याची पट्टी धरतो आणि हा रेघ मारतो. तो मित्र कुठल्या नकाशात दाखवणार?

हिची_आई

मला तुम्हा सगळ्यांशी भांडायचंय, ताईंशीसुद्धा, माफ करा.

माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे आणि मला ती खोलीच नकोय. खोली असली की वर्गातल्या बाईंना दार मिळतं. ही हसली, हिला खोलीत न्या. हिने प्रश्न तीनदा विचारला, न्या. सुरुवातीला रोज अर्धा तास होता, वर्ष संपेपर्यंत मधली सुट्टी सोडली तर ही वर्गात नव्हतीच! स्पेनमधल्या सालामांकाच्या परिषदेत १९९४ ला ९२ देशांनी मिळून सांगितलं की नेहमीच्या शाळेतच सगळ्या मुलांना सामावून घ्या, मग २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार झाला, त्यातलं २४ वं कलम हेच म्हणतं, आणि आपण अजून खोलीच्या मापावर भांडतोय. वर्गात तीस मुलं असती तर माझी मुलगी वर्गातच बसली असती. म्हणून माझं मत बाबांच्या बाजूला. खोली द्या, वर्ग लहान करा, आणि आमच्या मुलांना त्या लहान वर्गात मोजा.

दोन_मुलांचा_बाप

बघा! हे तर मी पण म्हणतोय.

खडूफळा

घाई नको. एक खोली दिली की ५२ चे २६ होणार नाहीत, शाळेत फक्त एकच वर्ग ५२ चा थोडाच आहे, वाटून फार तर ४५-४६ होतील. आणि तीसचा आकडा सगळे घेतात पण तो वाचत नाही कोणी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, असं आहे. हा पूर्ण शाळेचा हिशोब झाला. एका वर्गात ५२ आणि दुसऱ्यात १८ असले तरी कागद बरोबर येतो.

"मोजा" म्हणालात ना, तर इंग्लंडचं ऐका. तिथे पाच ते सात वर्षांच्या वर्गाला कायद्याने ३० ची मर्यादा आहे, १९९८ च्या कायद्यातली, बऱ्यापैकी कडक. पण शाळेच्या विशेष युनिटमधलं मूल काही तासांना नेहमीच्या वर्गात येऊन बसलं तर ते त्या तीसात धरत नाहीत. हेतू चांगला आहे, वर्ग भरलाय सांगून त्याला कोणी अडवू नये. पण बाई समोर बघते तर एकतीस डोकी असतात.

हिची_आई

म्हणजे खोलीत असलो तर जागा रिकामी आणि वर्गात असलो तर आम्ही शून्य. छान.

खोली_नंबर_सात

हेच तर मी पहिल्यापासून सांगतेय. ताई, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं आणि थोडी लाजही वाटली, कारण आमच्या वर्गातही तसं होत असेल आणि मला ते कळलं नसेल. पण माझ्या मुलाला वर्गात टिकून राहायलाच ती खोली लागते. दोन्ही मुलं एकाच शाळेत असू शकतात ना. खोलीत कोण, कधी, किती वेळ गेलं याचं रजिस्टर ठेवा अशी मागणी मी करणार आहे. त्यातून तुमचंही समजेल आणि बाबांच्या कुलपाचंही.

दोन_मुलांचा_बाप

रजिस्टर ठेवा, मला मान्य. पण त्यात तीन महिने गेले तर माझी मुलगी तीन महिने तशीच मध्ये बसणार. ऑफिस, स्टाफरूम, कॉम्प्युटरची ती एसी खोली, यातलं काहीच का निघत नाही? विचारतोय खरंच.

नकाशेवाला

कारण ऑफिसवाले मीटिंगला असतात.

खडूफळा

ते असो. त्या जिन्याखालच्या खोलीचं दार मोजलंय का कोणी?

खोली_नंबर_सात

मोजलं काल टेपने. ७० सेंटीमीटर. अमेरिकेच्या नियमात व्हीलचेअरसाठी किमान साधारण ८१ सेंटीमीटर मोकळं दार लागतं, आणि इथे बाहेर एक पायरी पण आहे. फोटो काढलेत, आणते मीटिंगला.

दोन_मुलांचा_बाप

मी पण ५२ मुलांचा फोटो आणतो. शेजारी शेजारी लावू.