नववीच्या वर्गात 'आसूड' का वाचायचा: एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

खडूची धूळ

"थोर पुरुषांची चरित्रं आणि त्यांची पुस्तकं शाळेतून काढून टाका. मुलांना साधा अर्ज लिहिता येत नाही आणि आपण त्यांच्याकडून जन्मतारखा पाठ करून घेतो. जोतीराव फुले मोठे होते, मान्य. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतून आजच्या मुलाच्या हाती काय लागणार?"

हे 'रोकडा सवाल' यांचं म्हणणं. दुसऱ्या चर्चेत दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा. शीर्षकातला 'आसूड' म्हणजे फुल्यांचं शेतकऱ्यांच्या हलाखीवरचं पुस्तक, 'शेतकऱ्याचा असूड'.

अर्ज लिहिता येत नाही ही तक्रार खरीच आहे, तिथूनच सुरुवात करू. 19 ऑक्टोबर 1882 रोजी फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन काढा. मूळ इंग्रजीत आहे, मराठी भाषांतर मिळतं. त्याची बांधणी पाहा. आधी आपण कुठल्या शाळा चालवल्या ते सांगितलं, म्हणजे आपलं का ऐकावं हे ठरवून घेतलं. मग सरकारचा महसूल कुणाच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च कुणाच्या वाट्याला जातो ते मांडलं. आणि त्यानंतर मागण्या. प्राथमिक शिक्षण निदान 12 वर्षांपर्यंत सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या. त्यांचा पगार 12 रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात 15 ते 20 द्या. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध (म्हणजे देवनागरी) लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे ठेवा. शेतीच्या धड्यांसाठी शाळेला जोडून नमुन्याचं लहानसं शेत असावं. "शिक्षण सुधारा" असं मोघम वाक्य लिहून ते थांबले नाहीत. वय, पगार, विषय, जागा, सगळं सांगितलं. मोघम मागणीला मोघम आश्वासन देऊन वाटेला लावता येतं, आकड्याच्या मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

सरकारनं नाही म्हटलं. सक्ती आली नाही. पुढे 1893 मध्ये बडोदे संस्थानात अमरेलीला प्रयोग झाला, 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात गेला, 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला, आणि 6 ते 14 वयासाठी देशभराचा कायदा झाला 2009 मध्ये. एका मागणीला किती वर्षं लागतात हे मुलांना कुठल्या नागरिकशास्त्राच्या व्याख्येतून कळणार आहे?

जन्मतारखा पाठ करून घेणं मलाही नको आहे. 11 एप्रिल आणि 28 नोव्हेंबरला त्याच दहा ओळींचं भाषण होतं, ते बंद झालं तरी चालेल. पण भाषण बंद करायचं म्हणून पुस्तक फेकायचं, हा न्याय मला कळत नाही.

रोकडा सवाल

निवेदनाचा मुद्दा ठीक आहे. पण तुम्ही सोयीचं पान निवडलंत. फुल्यांच्याच 'गुलामगिरी' या पुस्तकाचं काय? मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह हे इराणातून आलेल्या आर्यांचे एकामागून एक पुढारी होते, ही तिथली मांडणी. आज कोणता इतिहासकार हे मान्य करतो? चौदा वर्षांच्या पोराला हे दिलंत तर तो एक तर खरं मानेल, नाही तर वर्गात जातीवरून भांडण होईल. दोन्ही वेळा शिक्षक सापडतो. तुम्ही सगळे आदर्श शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून बोलता. प्रत्यक्षात शिक्षक मार्गदर्शकातलं उत्तर फळ्यावर लिहितो आणि "खालीलपैकी कोणते पुस्तक फुले यांचे नाही" असा प्रश्न काढतो.

शिवाय इंग्रजांच्या राज्याची स्तुती करणाऱ्या, 1857 फसलं याचं बरं वाटलेल्या माणसाला राष्ट्रीय नायक कसं म्हणायचं, हे मुलं विचारतीलच.

मोडीवाला

विचारू देत की! मुलं प्रश्न विचारतील ही भीती हा आक्षेप कधीपासून झाला?

स्तुतीबद्दल: 'गुलामगिरी' 1873 ची, 'आसूड' 1883 मध्ये पुरा झाला. मधल्या दहा वर्षांत सूर बदललेला स्पष्ट ऐकू येतो. 'आसूडा'त गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी, त्यांचा आळस, जंगल खात्यानं गिळलेली गायरानं, सगळ्यावर कोरडे आहेत. आणि राष्ट्र म्हणजे काय यावर त्यांचं उत्तर ठाम होतं: लोक 'एकमय' झाल्याशिवाय राष्ट्र होत नाही. याच कसोटीवर त्यांनी 1885 नंतर राष्ट्रीय सभेलाही (म्हणजे काँग्रेसला) विचारलं की हिच्यात शेतकरी कुठे आहे. हा प्रश्न विचारणारा राष्ट्राबाहेरचा ठरत असेल, तर राष्ट्राची व्याख्या तपासा.

अवतारांच्या मांडणीबद्दल: इतिहास म्हणून ती आज टिकत नाही, बरोबर. पण तो ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाचा आहे. पुराणकथा उलटी वाचून तिच्यात हरलेल्याची बाजू शोधणं, ही त्याची रीत. "इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो" असं म्हणणाऱ्या समाजात बळी हरला तो बरा झाला असं कसं, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही खणखणीत आहे. नववीला नको, अकरावी-बारावीला द्या.

गोफण

सगळे फुले-फुले करताय. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं 1855 मध्ये लिहिलेला, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेलेला मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध का नाही द्यायचा? तो शाळकरी मुलीनं लिहिला आहे, मुलांना त्यांच्या वयाचा आवाज मिळेल. आणि सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' 1854 चं. जोतीरावांचं 'तृतीय रत्न' नाटक नंतर आलं. दर वेळी चर्चा पुरुषांवर सुरू होते आणि बायका परिशिष्टात जातात. मला याची चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

खडूची धूळ

गोफणताई, मुक्ताचा निबंध आठवीला द्यावा, फुल्यांच्याही आधी. तुमचं बरोबर आहे.

आता 'रोकडा सवाल' यांना. 'आसूडा'ची प्रकरणं पाच. नववीसाठी मला फक्त पाचवं हवं आहे, उपायांचं. त्यातलाही निवडक भाग, चार तासिकांचा. पहिल्या तासिकेला मोठ्यानं वाचन. इथेच बहुतेक जण फसतात. फुल्यांचं वाक्य 'व' जोडत जोडत अर्धं पान चालतं, मनातल्या मनात वाचणारं मूल तिसऱ्या ओळीत हरवतं. दुसऱ्या तासिकेला तेच वाक्य फळ्यावर प्रत्येक 'व'पाशी तोडायचं. एकेक मागणी सुटी होते. तिसऱ्या तासिकेला प्रत्येक मागणीपुढे तीन रकाने: हे काम कुणी करायचं, पैसा कुठून, आज त्याचं काय झालं. चौथ्या तासिकेला मुलांनी आपल्या गावाची एक मागणी त्याच घाटात लिहायची. पाठांतराला यात जागाच उरत नाही.

नमुना घ्या. सरकारनं पाणाड्यांकडून सगळ्या शेतांची पाहणी करवावी, जिथे दोन मोटांच्या वर पाण्याचे झरे सापडतील त्या जागांच्या खुणा गावच्या नकाशात नोंदवाव्यात, सरकारी मदतीशिवाय विहीर खोदून बांधणाऱ्याला इनाम द्यावं, नदीनाल्यांतला आणि तलावांतला गाळ पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, गायरानं गावाला परत करावीत. 1883 मध्ये गावनिहाय भूजल नकाशा मागणारा माणूस आहे हा.

रोकडा सवाल

पाणाड्या! म्हणजे नारळ हातावर ठेवून पाणी सांगणारा! हे विज्ञानाच्या नववीच्या पुस्तकाशेजारी ठेवणार? माझाच मुद्दा सिद्ध केलात.

कातळवाट

इथे थांबा. पाणाड्याची विद्या चाचणीत टिकत नाही हे मीही सांगतो. पण ती खरी का वाटते हे समजल्याशिवाय नुसतं हसणं उपयोगाचं नाही.

आपल्याकडचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्टचा. घट्ट कातळात पाणी जवळजवळ साठत नाही. ते राहतं वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, सच्छिद्र थरात आणि भेगा-सांध्यांत. दरीच्या तळाशी, दोन नाले मिळतात तिथे, झिजलेला थर जाड असतो. अशा ठिकाणी कुठेही खणा, थोडंफार पाणी लागतंच. मुरलेला पाणाड्या उतार, झाडं, मुरमाचा रंग बघून नेमका तिथेच उभा राहतो, आणि श्रेय नारळाला मिळतं. शिवाय कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट कुणी सांगत नाही. ती बुजवली जाते, लागलेली तेवढी लक्षात राहते.

मुलांनी हे तपासावं. गावातल्या विहिरी-बोअरची यादी, पाणाड्याच्या सांगण्यावरून खोदलेल्या एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. खोली, पाणी कितीवर लागलं, मे महिन्यात किती उरतं. आणि बुजवलेल्या बोअर वगळल्या तर तक्ता खोटं सांगणार, म्हणून त्या चिकाटीनं शोधायच्या. ज्येष्ठांना विचारल्याशिवाय त्या सापडत नाहीत. दुसरी चाचणी: पाणाड्याला डोळे बांधून त्याच शेतातून दोनदा फिरवायचं. दोन्ही खुणा एका जागी येतात का पाहायचं.

बांधावरचा

पण 1883 मध्ये दुसरं होतं काय? जमिनीची विद्युत-रोधकता मोजून खालच्या पाण्याचा अंदाज देणारं यंत्र नव्हतं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 ची. हाताशी असलेला जाणकार पाणाड्याच होता. फुल्यांची खरी मागणी "नकाशात नोंदवा" ही आहे. नोंद झाली की पाणाड्याचं चुकलेलंही दिसतं. आणि लक्षात घ्या, फुले खडकवासला धरणाच्या कामाला साहित्य पुरवणारे कंत्राटदार होते. दगड-मातीशी व्यवहार करणाऱ्याची ही सूचना आहे.

गाळाचंही सांगतो, कारण "गाळ फुकट न्या" एवढंच वाचून लोक नुकसान करून घेतात. गाळात चिकणमाती जास्त. हलक्या, मुरमाड, उथळ जमिनीला तो अमृत, पाणी धरून ठेवतो. भारी काळ्या जमिनीत टाकलात तर आधीच कमी असलेला निचरा आणखी बसतो आणि पावसाळ्यात मुळं कुजतात. एकरात 5 सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे 200 घनमीटर, 3 घनमीटरची ट्रॉली धरली तर 65 ते 70 खेपा. गाळ फुकट, वाहतूक फुकट नाही. पावसाआधी पसरून ढेकळं फुटू द्यायची, आधी माती तपासायची. आणि काढताना गाळापाशीच थांबायचं. खालचा मुरूम उकरला की तळ्याचं पाणी तळातून निघून जातं.

रोकडा सवाल

चर्चा शेतीच्या शाळेत गेली. मूळ प्रश्न थोर पुरुषांच्या लेखनाचा होता.

बांधावरचा

मूळ प्रश्न "हाती काय लागणार" असा होता. हे लागलं. तुम्हाला मोजता येईल असं उत्तर मिळालं की तुम्ही विषय सुटला म्हणता, हे मला मान्य नाही.

मोडीवाला

'रोकडा सवाल', तुमच्या एका वाक्याचा मात्र राग आला आहे, सांगतो. "वर्गात भांडण होईल." 'दीनबंधू'नं 'आसूडा'ची सुरुवातीची प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. 'दीनबंधू' म्हणजे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचंच पत्र, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हातातलं. आपल्याच माणसांना ते जड गेलं. फुल्यांनी तरीही लिहिणं सोडलं नाही. 1888 मध्ये पक्षाघातानं उजवा हात गेला तर डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. त्या लेखकाला आपण भांडणाच्या भीतीनं वर्गाबाहेर ठेवायचं?

रोकडा सवाल

माझ्यावर भीतीचा आरोप नको. मी शिक्षकाच्या बाजूनं बोलतोय. तक्रार आली की त्याच्या पाठीशी कुणी उभं राहत नाही आणि तुम्ही इथे शौर्याच्या गोष्टी सांगता.

एवढं मान्य करतो: हंटरचं निवेदन आणि पाचव्या प्रकरणातला निवडक भाग मुलांना देण्यासारखा आहे. कातळवाट यांनी सांगितलेली विहिरींची यादीही चांगली आहे, ती फुल्यांशिवायही करता येते हे नोंदवून ठेवतो. पण ज्या दिवशी हा मजकूर 5 गुणांच्या टीपेत जाईल त्या दिवशी तुमच्या चारही तासिका संपल्या. त्यावर उत्तर द्या.

खडूची धूळ

देतो. लेखी परीक्षेत हा मजकूर आणायचाच नाही. गुण अंतर्गत मूल्यमापनात, आणि तेही फक्त मुलानं लिहिलेल्या मागणीपत्राला. कुणाकडे मागतोय ते लिहिलं आहे का, किती मागतोय ते आहे का, खर्च कोण करणार ते आहे का. पत्र प्रत्यक्ष ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्यायचं आणि पोच घ्यायची. पोच जोडल्याशिवाय गुण नाहीत. सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून उतरवलं तर लगेच दिसतं, कारण हँडपंप कुठला आणि रस्ता कुठला हे प्रत्येकाचं वेगळं असतं.

शिक्षकाच्या पाठीशी उभं राहण्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मजकूर शासनानेच काढलेल्या समग्र वाङ्मयातला घ्यावा, पान क्रमांकासकट, आणि मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी आधी घ्यावी. इतकं तरी हातात आहे.

गोफण

आणि आठवीला मुक्ता. ते मान्य झालंय, विसरू नका.

रोकडा सवाल

पोचेची अट चांगली आहे. अंतर्गत गुण शाळा सरसकट वाटून टाकतात, त्यामुळे माझी शंका कायम.