मदत हवी आहे: संभाजीनगरात पिलाटेसचा क्लास कुठं लावू?

नमस्कार मंडळी, उदगीर सोडून दोन महिने झाले, नवऱ्याला वाळूज एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून इकडं आलोत, घर गारखेड्यात घेतलंय. तिकडं पहाटे मैत्रिणींसोबत चालायची सवय होती, इथं ओळखीचं कुणीच नाही म्हणून क्लास लावायचं ठरवलं, तेवढ्याच ओळखी पण होतील. आधी झुंबाचा ट्रायल केला, मजा आली पण उड्या मारून गुडघा दुखायला लागला. मग रिफॉर्मर पिलाटेस बघितलं, स्प्रिंगा लावलेली सरकणारी गादी असते, त्यावर झोपून हळूहळू व्यायाम, मला ते लई आवडलं बघा, एका वेळी सहाच जणी त्यामुळं ताई प्रत्येकीकडं लक्ष देते. पण फी एकदम तीन महिन्यांची मागतात अन् खाडा पडला तर पैसे गेले, हे काही पटत नाही.

सिडको, ज्योतीनगर, उस्मानपुरा भागात महिन्याच्या फीवर घेणारं कुणी माहितीय का? अन् गुडघा दुखत असताना चटईवरचं पिलाटेस चालेल का मशीनवरचंच बरं? मुलगी शाळेत गेल्यावर, नऊनंतरची बॅच पाहिजे. स्वतः केलेलं असेल तर नक्की सांगा, अन् जवळपासची कुणी सोबत येणार असेल तर फार बरं होईल.