मदत हवी आहे: रोटॅक्स ९१२ च्या चार्जिंगमध्ये ओव्हरव्होल्टेज रिले कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये घरच्या गॅरेजात दोन आसनी झेनिथ सीएच ७५० विमान बांधतोय, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. वायरिंग सुरू करण्याआधी एका मुद्द्यावर अडलोय.

या इंजिनाच्या जनरेटरला कायमचे चुंबक असतात. गाडीच्या अल्टरनेटरसारखा फील्डचा (आतल्या विद्युतचुंबकाच्या गुंडाळीचा) करंट तोडून तो बंद करता येत नाही; इंजिन फिरतंय तोवर वीज येणारच. रेग्युलेटर (जनरेटरच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडून व्होल्टेज १६ च्या वर गेलं, तर जोडणी तोडायला रिलेच, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, हवा. तो जनरेटर आणि रेग्युलेटरमधल्या एसी तारेवर घालू, की रेग्युलेटरच्या पुढे डीसी बाजूला? माझा कल एसीकडे आहे, कारण डीसी बाजूला तोडलं आणि बॅटरीशिवाय रेग्युलेटर चालत राहिला तर तो जळण्याची भीती. इग्निशनच्या कॉइल स्वतंत्र आहेत, म्हणजे इंजिन बंद पडणार नाही. पण रेडिओ आणि स्क्रीन वाचवायलाच हव्यात.

दुसरं म्हणजे जनरेटर जेमतेम २५० वॅटचा, तेही ५८०० आरपीएमला. सततचा भार मी ११ अँपिअर धरलाय. लिथियम बॅटरी स्टार्टनंतर भरपूर करंट ओढते, तेव्हा रेग्युलेटर किती तापतो? त्याच्यावर थंड हवेची नळी कुणी सोडली आहे का? ज्यांनी स्वतः बांधलंय त्यांनी कृपया सर्किटचा फोटो टाका.