बारावी कॉमर्सनंतर ऑफिसकामाचा कोर्स: कुठला घ्यावा?

मोगरा_सातारा: नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीची बारावी झाली. तिला लवकर ऑफिसात नोकरी हवीय. इथल्या एका क्लासने 'ऑफिस मॅनेजमेंट'चा वर्षाचा डिप्लोमा सुचवलाय, पण फी ऐकून बाबा गप्पच झाले. एसपीत (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) मार्क चांगलेत, म्हणून सेक्रेटरीची लाइन जमेल असं वाटतं.

खडूस_बाबू: एसपीच्या मार्कांवर जाऊ नका. चिटणिसाची कार्यपद्धती म्हणजे शेअर्स, डिबेंचर्स, डिव्हिडंड. ती वाट सीएसकडे, म्हणजे कंपनी सेक्रेटरीकडे जाते. साहेबांच्या केबिनबाहेरची खुर्ची हवी असेल तर आयटीआयला 'स्टेनोग्राफर अँड सेक्रेटेरियल असिस्टंट' ट्रेड बघा. एक वर्षाचा आहे, दहावीवर प्रवेश मिळतो. जोडीला परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही टायपिंगची परीक्षा करून घ्या. सरकारी लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतोच. तिथे त्या डिप्लोम्याला कोण विचारतो!

एक्सेलवाली_पुणे: बाबूकाका, सगळ्यांना सरकारीच हवं असतं असं नाही हो! मी खासगी कंपनीत ॲडमिनला आहे, स्टेनोच्या शॉर्टहँडचं (लघुलेखनाचं) नावही कुणी काढत नाही. मुलाखतीला एक्सेलची शीट पुढ्यात टाकतात: डुप्लिकेट काढा, व्हीलूकअप लावा, पिव्होट करून दाखवा. मग एक ईमेल लिहायला सांगतात, आणि बरेच जण तिथेच गळतात. मोगराताई, बहिणीला मीटिंगचे मिनिट्स लिहायची सवय लावा. कोण किती बोललं ते नको. काय ठरलं, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, एवढंच. यूट्यूबवरची एखादी ग्रामसभा लावून सराव करा म्हणावं. हसू नका, मी तसाच केलाय.

रेघोट्या: शॉर्टहँड निकालात काढू नका. कोर्टात आणि मंत्रालयात अजून स्टेनो लागतात. राज्यात लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२० शब्दांचा वेग हवा. केंद्राची एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) स्टेनो परीक्षा बारावीवर देता येते: 'ड' श्रेणीला १० मिनिटं ८०च्या वेगाने डिक्टेशन, मग ते कॉम्प्युटरवर उतरवायचं. तिथे मराठी चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदीच. म्हणून भाषा आधी ठरवा. रोज तास-दीड तास हात चालवायची तयारी नसेल तर मात्र नादी लागू नका. ६०च्या आसपास गाडी अडते आणि पोरं सोडून देतात.

मोगरा_सातारा: बापरे, मग टायपिंग आणि शॉर्टहँड दोन्ही कसं जमवायचं? तिचं इंग्रजी बेताचंच आहे.

खडूस_बाबू: मग मराठी ३० आधी काढू दे. आयटीआयची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया दहावीच्या निकालानंतर सुरू होते, तारखांवर लक्ष ठेवा. अर्जात ट्रेडचा पसंतीक्रम भरताना दुसऱ्या नंबरला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) टाका, तोही वर्षाचाच. आणि बी.कॉम. बाहेरून चालू ठेवा, पुढे पदवी मागणाऱ्या जागा निघतात.

एक्सेलवाली_पुणे: क्लासला पैसे भरायच्या आधी एक विचारा: मागच्या बॅचची मुलं कुठे लागली? नावं सांगायला टाळाटाळ केली तर उठून या.