मदत हवी आहे: कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीसाठी खात्रीचा आउटफिटर (शिकारीची सोय करून देणारा व्यावसायिक) कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी, डेन्व्हरला राहतो. ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या मित्राबरोबर पहिल्यांदाच एल्कच्या शिकारीला जायचंय. (आईला अजून सांगितलेलं नाही!) हंटर एज्युकेशनचं कार्ड झालं, भडक नारिंगी जाकीटही आणलं. घोडं अडलंय आउटफिटरपाशी. एकजण फोनवर म्हणाला, 'एल्क मिळणारच, निम्मे पैसे आजच पाठवा.' तिथेच मनात पाल चुकचुकली. राज्याकडची नोंदणी, विमा आणि सरकारी जंगलात जायचं तर फॉरेस्ट सर्व्हिसचा (अमेरिकी वनखात्याचा) परवाना बघायचा, एवढं कळलंय. पण एका गाइडमागे माणसं किती असावीत? मांस डोंगरावरून खाली आणायच्या घोड्यांचे पैसे वेगळे पडतात का? बर्फामुळे बेत रद्द झाला तर आगाऊ रकमेचं काय? जुन्या गिऱ्हाइकांना फोन करताना तुम्ही नेमकं काय विचारलंत?