क्वीन मेरी २ : पार्किन्सन्स असलेल्या बाबांसाठी जेवणाचं टेबल आणि गाला नाइटचे कपडे - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

क्रूझवरच्या जेवणाच्या वेळा, टेबलं आणि कपड्यांचे नियम यांबद्दल जाणकारांचं मार्गदर्शन हवं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण बॅगेत काय भरावं याच्या ज्या याद्या सगळीकडे सापडतात, त्यांत आमच्या अडचणीचं उत्तर मिळत नाहीये.

प्रवास साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, क्वीन मेरी २, सात रात्री. आई, बाबा आणि मी. बाबांना पार्किन्सन्स आहे. चालतात, पण सावकाश. उजव्या हाताला कंप आहे आणि अनोळखी माणसं समोर असली की तो वाढतो. जेवायला त्यांना आमच्या दुप्पट वेळ लागतो. आयुष्य शिकवण्यात गेलं, माणसांची प्रचंड आवड. मोठ्या जहाजातून अटलांटिक ओलांडायचा ही त्यांची फार जुनी इच्छा, आणि सध्या तब्येत साथ देते आहे तोवर ती पुरी करायची असं आम्ही ठरवलं.

आईचं म्हणणं, रोज रात्री बुफेत जेवू. तिथे कपड्यांची सक्ती नाही, कुणाकडे बघायला नको, कुणी आपल्याकडे बघायला नको. मला ते पटत नाही. ज्या डायनिंग रूमचं वर्णन बाबा इतकी वर्षं वाचत आले, तिच्या दारावरून रोज मागे वळायचं आणि कोपऱ्यात जेवून घ्यायचं, हे मला सहन होणार नाही. पण सोबतच्या प्रवाशांनाही त्रास होता कामा नये. त्यांनीही या जेवणासाठी पैसे मोजलेले असतात.

मला आतापर्यंत समजलेलं असं : आमची केबिन साधी आहे, म्हणजे जेवण ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये. तिथे संध्याकाळी ६ आणि रात्री ८.३० अशा दोन पंगती. टेबल आणि वेटर प्रवासभर तेच. क्वीन्स ग्रिल आणि प्रिन्सेस ग्रिल ही रेस्टॉरंटं फक्त स्वीट (मोठी, आलिशान केबिन) घेणाऱ्यांसाठी. या दोन्हींच्या मधला एक प्रकार म्हणजे ब्रिटानिया क्लब : टेबल ठरलेलं, पण पंगत एकच, आपल्या सोयीने यावं. तो ठरावीक बाल्कनी केबिन घेतल्या तरच मिळतो.

आता प्रश्न. सावकाश जेवणाऱ्या माणसासाठी पहिली पंगत बरी की दुसरी? आमचं तिघांचं वेगळं टेबल मागावं, की सहा-आठ जणांच्या टेबलावर बसावं? बाबांना गप्पा हव्या असतात, पण चमचा हातातून सुटला की ते एकदम गप्प होतात. सोबतच्यांना आजाराबद्दल आधीच सांगणं शिष्टाचाराला धरून आहे का? गाला नाइटला, म्हणजे खास औपचारिक पोशाखाच्या रात्री, टक्सिडो (बो टायसोबतचा काळा औपचारिक सूट) घालावाच लागतो का? बो टाय, शर्टाची बारीक बटणं, लेसचे बूट, यांतलं काहीही बाबांना एकट्याने जमत नाही आणि मदत घेणं त्यांना आवडत नाही. आणि समजा एखाद्या रात्री त्यांना बरं वाटलं नाही, तर ऐनवेळी न जाणं उद्धटपणाचं दिसेल का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

कपड्यांचं आधी सांगतो, कारण त्याची धास्ती उगाच जास्त असते. टक्सिडो सक्तीचा नाही. गाला नाइटला गडद सूट आणि टाय पूर्णपणे चालतो, आणि पुष्कळ पुरुष तेवढ्यावरच असतात. सात रात्रींच्या फेरीत अशा रात्री साधारण दोन असतात. बाकीच्या रात्री संध्याकाळी सहानंतर नीटनेटके कपडे हवेत, टाय नसला तरी हरकत नाही. नियम फक्त डायनिंग रूमपुरता नसतो, त्या रात्री जहाजाच्या बऱ्याचशा भागात तोच पोशाख अपेक्षित असतो. ज्यांना तयार व्हायचं नाही त्यांच्यासाठी किंग्ज कोर्ट बुफे, गोल्डन लायन पब अशा जागा मोकळ्या असतात. तिथे जेवून मग जीन्सवर बॉलरूमकडे जाणं मात्र योग्य नाही. बाकीचे लोक त्या संध्याकाळसाठी मनापासून तयार होऊन आलेले असतात.

इस्त्री घरून नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर दोन्हींना बंदी असते. या जहाजावर प्रवाशांसाठी लाँड्री खोल्या आहेत, इस्त्री तिथे मिळते. पहिल्या गाला नाइटच्या दुपारी तिथे रांग लागते, म्हणून सूटला आदल्या दिवशीच इस्त्री करून घ्या.

प्रतिसाद २

एवढा त्रास कशासाठी घ्यायचा? नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने २००० सालापासून ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल हा प्रकारच काढून टाकला. रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस या कंपन्यांकडेही हवं तेव्हा जेवायची सोय आहे. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर गाला नाइट नसतेच. तिकडे बघा.

प्रतिसाद ३

मी काही वर्षं एका मोठ्या जहाजाच्या डायनिंग रूममध्ये वेटर होतो (हे जहाज नव्हे). ताई, तुमचा प्रश्न वाचून आतली बाजू सांगावीशी वाटली.

ठरलेल्या टेबलावर पदार्थ एकेक टप्प्याने येतात आणि सगळ्या टेबलाचे एकदम येतात. पहिल्या टप्प्याच्या सगळ्या बशा उचलल्याशिवाय पुढचं वाढायचं नाही, अशी आमची शिस्त. म्हणजे आठ जणांत एक जण सावकाश जेवणारा असला तर सात जण थांबतात. ते बोलत नाहीत, पण जेवणाऱ्याला ते जाणवतं, आणि मग तो अर्ध्यातच काटा खाली ठेवतो. असे कितीतरी पाहुणे मी पाहिले. यावर उपाय सोपा आहे, फक्त पहिल्या रात्री वेटरला सांगायला हवं. त्यांचा पहिला पदार्थ आम्ही इतरांच्या आधी आणून ठेवतो. किंवा ते एक टप्पा गाळतात आणि इतर सूप घेत असताना त्यांचं मुख्य जेवण सुरू होतं. बाहेरून कुणाला कळतही नाही.

आणखी बरंच करता येतं. मांस किंवा भाज्या स्वयंपाकघरातच कापून, नीट मांडून आणता येतात, म्हणजे टेबलावर कुणी त्यांच्या ताटात सुरी चालवायची गरज उरत नाही. सूप कानवाल्या कपात मिळतं. ग्लास अर्धाच भरायचा. उंच दांड्याचा ग्लास काढून बुटका जड ग्लास ठेवायचा. स्ट्रॉ मागायला संकोच करू नका. दुसऱ्या दिवशीचा मेनू मुख्य वेटरकडून आदल्या रात्री बघायला मिळतो. तेव्हाच ठरवून टाकलं की ऑर्डर देतानाची घाई टळते.

टेबल भिंतीकडेचं मागा. वेटरांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचं किंवा जिन्याजवळचं नको. कंप आहे तो हात भिंतीच्या बाजूला येईल अशी खुर्ची निवडली तर शेजाऱ्याचा धक्का लागायची भीती राहत नाही.

आणि आईंना सांगा, बुफे त्यांना वाटतो तितका सोपा नाही. हलत्या जहाजावर भरलेली बशी घेऊन गर्दीतून चालायचं, पुन्हा उठायचं. कर्मचारी बशी उचलून आणतात, पण ते मागावं लागतं. ज्याचा हात थरथरतो त्याला बसल्या जागी वाढलेलं जेवण कधीही सोयीचं.

पंगतीबद्दल : पहिल्या पंगतीत आमच्यावर दुसऱ्या पंगतीसाठी टेबलं लावायची घाई असते. पण ६ ते ८.३० मध्ये अडीच तास असतात आणि जेवण बहुधा दीड-पावणेदोन तासांत आटपतं. दार उघडताच आलात तर हाताशी भरपूर वेळ असतो.

प्रतिसाद ४

माझ्या पतींना पार्किन्सन्स आहे आणि आम्ही हाच मार्ग याच दिशेने केला आहे. पंगत ठरवण्याआधी घड्याळाचा विचार करा. पश्चिमेला जाताना जहाजाचं घड्याळ एकेक तास असं पाच वेळा मागे जातं, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. दर बदलानंतर रात्रीचे साडेआठ शरीराला साडेनऊ वाटतात. आमच्याकडे दुसरी पंगत होती आणि मुख्य पदार्थ येईपर्यंत हे खुर्चीतच पेंगायला लागायचे. आम्ही तिसऱ्या दिवशी विनंती करून पहिली घेतली.

बाबा पार्किन्सन्सवरचं लेव्होडोपा हे औषध घेत असतील तर हे आणखी महत्त्वाचं. जेवणातली प्रथिनं त्या औषधाच्या शोषणाच्या आड येतात, म्हणून पुष्कळांना ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. घड्याळ मागे जाणाऱ्या दिवशी दोन डोसांमधलं अंतर एका तासाने वाढतं. ते कसं भरून काढायचं, कोणता डोस सरकवायचा, हे निघण्यापूर्वी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून कागदावर लिहून घ्या. औषध हातातल्या बॅगेत ठेवा. मोठं सामान केबिनच्या दाराशी यायला उशीर होऊ शकतो.

कपडे : आधीच बांधलेला, हुकाचा बो टाय किंवा क्लिपचा टाय घ्या. दोन हातांवरून तो ओळखू येत नाही. शर्टाच्या बटणांमागे व्हेल्क्रो शिवून घेतलं की बाहेरून बटणंच दिसतात. चुंबकाच्या बटणांचे शर्टही मिळतात, पण पेसमेकर किंवा मेंदूतला स्टिम्युलेटर बसवलेला असेल तर ते नकोत. बूट काळे, बिनलेसचे, रबरी तळव्याचे. चकचकीत चामडी तळवा हलत्या जहाजाच्या जिन्यावर धोक्याचा.

सोबतच्यांना सांगायचं का? सांगावं, आणि बाबांनीच सांगावं. "मला पार्किन्सन्स आहे, माझा हात हलतो, पण ऐकायला आणि बोलायला मी पक्का आहे." आमच्या ह्यांनी पहिल्या रात्री असंच एक वाक्य बोलून टाकलं. मग कुणाला नजर चुकवायची गरज पडली नाही. तुम्ही त्यांच्या वतीने, ते शेजारी बसलेले असताना सांगू नका. मी ते केलं असतं तर हे रागावले असते.

जहाजावर चढण्याआधी कंपनीचा मदतीचा फॉर्म भरा. निघण्यापूर्वी जो सुरक्षा सराव होतो, तो कुणालाही चुकवता येत नाही. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. तेव्हा लिफ्ट वापरायच्या नसतात, म्हणून जिना उतरायला मदत लागणारे प्रवासी कोणत्या केबिनमध्ये आहेत हे त्यांना आधी माहीत असणं गरजेचं आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बशीचा आणि बुफेचा मुद्दा आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पहिली पंगत घे.

दुसऱ्या जहाजांची सूचना चांगल्या हेतूने आली आहे आणि इतर कुणाला ती नक्की उपयोगी पडेल. पण बाबांना अटलांटिक याच जहाजातून ओलांडायचा आहे, त्यामुळे तो विषय आमच्यापुरता मिटला. ब्रिटानिया क्लबची चौकशी केली, जागा शिल्लक नाही. म्हणून पहिली पंगत मागितली आहे. टेबल मात्र ठरत नाही. तिघांचं घेतलं तर बाबांच्या गप्पा गेल्या. आठांचं घेतलं तर वर लिहिलेली सगळी कसरत.

प्रतिसाद ३

ताई, तिघांचं टेबल घ्या आणि गप्पा सकाळसाठी ठेवा. नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला डायनिंग रूममध्ये सहसा ठरलेलं टेबल नसतं, दारावर "इतरांसोबत बसायला आवडेल" असं सांगितलं की मोठ्या टेबलावर बसवतात. ही जेवणं छोटी, कपडे साधे, आणि कुणी आधी उठून गेलं तरी चालतं. औषधाचा परिणाम बाबांना कोणत्या वेळी उत्तम असतो ते बघा आणि त्या वेळेचं जेवण सोबतीने घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना स्वतःलाच संध्याकाळी कुणासोबत बसावंसं वाटलं तर मेत्र डीला (डायनिंग रूमच्या प्रमुखाला) बाजूला घेऊन विचारा. टेबल बदलणं ही रोजची गोष्ट आहे, फक्त वेटरसमोर किंवा सोबत्यांसमोर बोलू नका.

प्रतिसाद १

ऐनवेळी न जाण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं, ते राहिलं. तिघांचं टेबल असेल तर केबिनमधून फोन करून कळवलं की पुरे. मोठ्या टेबलावर गेलात तर मात्र सोबत्यांना आदल्या रात्री "उद्या कदाचित येणार नाही" असं सांगून ठेवा, नाहीतर ते ऑर्डर न देता वाट बघत बसतात. खोलीत जेवण मागवता येतंच. आणि गाला नाइटला फोटोग्राफर टेबलापाशी येतात. बाबांना नको असेल तर हाताने नको म्हटलं की ते पुढे जातात.

धागाकर्ती

तिघांचं, भिंतीकडेचं, पहिल्या पंगतीत : आत्ताच ईमेल पाठवली, मदतीच्या फॉर्मसकट. न्यूरॉलॉजिस्टची भेट पुढच्या आठवड्यात आहे. प्रतिसाद ४ मधल्या काकू, व्हेल्क्रोचं काम साध्या शिंप्याला जमतं का, की कफच्या बटणांसाठी वेगळं काही करावं लागतं? तेवढं एक सांगाल का?

प्रतिसाद ४

जमतं. पट्टी अगदी छोटी, बटणाएवढी लावायला सांगा, लांब पट्टीने शर्टाला घडी पडते. कफना बटणाऐवजी आतून इलॅस्टिक घाला, म्हणजे बटण लावलेलंच राहतं आणि हात सरळ आत जातो. एक शर्ट आधी करून घ्या आणि बाबांना घरी दोन-तीनदा स्वतः घालू द्या, मग दुसरा शिवायला द्या.