कळण्याची भाकरी सोडून गव्हाच्या पोळीवर आलो, काय फरक पडला असेल?

अमळनेरकर: मंडळी, लहानपणी घरी रोज कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी असायची, आता दोन्ही वेळ पोळी नाहीतर बाहेरची शेवभाजी, वडलांना शुगर निघाली, डॉक्टर म्हणतात ज्वारी खा. खरंच फरक पडतो का, आणि शेतीला, पाण्याला पण?

चोपड्याची ताई: पडतो दादा. ज्वारी आणि सालासकट उडीद सोबत दळले की फायबर भरपूर, आणि ज्वारीत कमी असलेलं लायसिन (प्रोटीनचा एक घटक) उडदातून मिळतं म्हणून प्रोटीनही चांगलं. पण भाकऱ्या मोजूनच, गोळ्या बंद करू नका. शेवभाजीतलं मीठ बघा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत पाहिजे असं डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगते!

शिरपूरचा शेतकरी: पाण्याचं बोलायचं तर भो, गव्हाला चार-पाच पाणी द्यावे लागतात, आपली दादर ज्वारी मात्र तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येते, कडबा गुरांना होतो, उडदाच्या मुळावरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात म्हणजे युरिया कमी. २०२३ ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य (ज्वारी-बाजरीसारखी धान्यं) वर्ष झालं, तरी आमच्याकडे केळी-कपाशीच जास्त, याचं फार वाईट वाटतं.

अमळनेरकर: भाऊ, दादर आहे का घरची? ५० किलो घेतो.